उरलेल्या धगीवरचा धंदा

शिल्लकवहिनी आपल्या नवऱ्याला कुत्र्याचं खाणं खायला घालतात, अशी गल्लीत बोलवा होती.

आणि ती नुसती हवेतली बोलवा नव्हती, साक्षीदारासकट होती. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी हा प्रकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि मोतीबिंदू काढल्यापासून त्यांच्या डोळ्यांवर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती. रोज सकाळी सव्वानऊला मागच्या दाराच्या पायरीवर नवरा बसलेला असतो. हातात वाटी, वाटीत चमचा. बायको कमरेवर हात ठेवून समोर उभी. तो चमचा तोंडात घालतो, ती काहीतरी विचारते, तो मान हलवतो, ती वाटी घेऊन आत जाते. झालं. गल्लीला सुतावरून स्वर्ग गाठायची सवय, इथे तर अख्खी दोरी मिळाली होती. समोरचा न्हावी म्हणायचा, ही काटकसर आहे, बाई उद्या त्याला अंघोळही उरलेल्या पाण्यानं घालेल. किराणावाल्याची बायको म्हणायची, ही शिक्षा आहे, काहीतरी जुनं प्रकरण असणार. आता शिंक आली तरी आधी इकडेतिकडे बघून परवानगी घेतल्यासारखं करणाऱ्या बासष्ट वर्षांच्या माणसाचं प्रकरण असून असून असणार तरी केवढं! पण कुणीतरी शपथेवर सांगितलं, की आवाज झाला की ते मान तिरकी करून कान टवकारतात. ते खरंच होतं. ते घड्याळजी होते. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस मान तिरकी करून टिकटिक ऐकणार नाही तर काय करणार?

तर घड्याळजींचं दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. खिडकीला लागून टेबल, टेबलावर काचेच्या झाकणाखाली सुटे काटे, स्प्रिंगा, दातेरी चक्रं, आणि डोळ्याला भिंग लावून बसलेले घड्याळजी. हल्ली लोक वेळ फोनवर बघतात, त्यामुळे त्यांच्याकडे यायची ती आजोबांची घड्याळं, आणि आजोबांना घाई नसते. मागची खोली मात्र वहिनींची, आणि तिथे घाईच घाई. पुढे टिकटिक, मागे कुकरच्या शिट्ट्या, मधे एक पडदा. बत्तीस वर्षांचा संसार त्या पडद्याच्या दोन बाजूंना सुखानं चालला होता.

वहिनींना शिल्लकवहिनी हे नाव कुणी ठेवलं याबद्दल वाद आहे, पण का ठेवलं याबद्दल नाही. कुठेही गेल्या की त्यांचा पहिला प्रश्न, “शिल्लक काय आहे?” भाजीवाल्याकडे, मासळीबाजारात, लग्नघरातसुद्धा. चोवीस वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघराचं कोठार सांभाळलं. रोज संध्याकाळी किती अन्न वाया गेलं त्याचं वजन करायचं, हे त्यांचं काम. वजन करायचं आणि मग ते टाकून द्यायचं. चोवीस वर्षं आपल्या डोळ्यांदेखत पातेलीच्या पातेली कचऱ्यात जाताना पाहिलेल्या बाईच्या मनात काहीतरी साठत जाणारच. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल आणि फुलं मिळाली, तर त्यांनी इस्पितळाचे जुने पडदे मागून घेतले. हिरव्या पट्ट्यांचे, सत्तावीस. “धुऊन धुऊन मऊ झालेत, फेकतील मेले,” म्हणाल्या.

धंदा सुरू झाला तो न्हाव्याच्या कुत्र्यामुळे. म्हातारं कुत्रं, दिवसभर दुकानाच्या दारात बसून अंग खाजवायचं. गिऱ्हाईकं म्हणायची, आत तू कापतोस आणि बाहेर हा खाजवतोय, आम्ही बसावं तरी कसं? जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाकिटातलं खाणं बंद, घरी साधं शिजवून घाल. न्हाव्याला अंडं उकडायचं म्हटलं तरी शेजाऱ्यांची मदत लागायची. वहिनी म्हणाल्या, “आण इकडे.” महिन्याभरात कुत्र्याची खाज गेली, सहा महिन्यांत त्याच्या अंगावर अशी लव आली की न्हाव्याच्या गिऱ्हाइकांनी विचारायला सुरुवात केली, याला काय लावतोस, आम्हालाही लाव. डॉक्टरांनी दुसरं कुत्रं पाठवलं, मग तिसरं, मग एक चिडकं मांजर. बघता बघता साठ जनावरांचं पोट वहिनींच्या कुकरवर अवलंबून राहिलं.

आणि त्यात नवीन असं काही विकत आणलेलं नव्हतंच. मासळीवाली माशांची डोकी आणि काटे वेगळे काढून ठेवायची. भाजीवाला गाजराची टोकं आणि लाल भोपळ्याच्या कडा. भातगिरणीतून तांदळाची कणी. बेकरीतून अंड्यांची टरफलं, ती भाजून, दळून. मासळीची डोकी वहिनी कुकरमध्ये इतकी शिजवायच्या, की काटा दोन बोटांत धरला तर त्याचं पीठ व्हायचं. मग सगळं एकजीव करून ट्रेमध्ये पातळ थापायचं, सुरीनं चौकोन पाडायचे आणि सुकवायचं. वर उरलेलं पाणी दात पडलेल्या मांजरांना, बाटलीतून. खवले मुख्याध्यापिकाबाईंच्या गुलाबांना. कांदा मात्र वर्ज्य. एकदा भाजीवाल्यानं चुकून पोत्यात कांद्याची पात टाकली, तर वहिनींनी त्याला भर बाजारात असं काही झापलं, की त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं.

पुरवठा डब्यांतून. स्टीलचे डबे, झाकणावर त्या त्या जनावराचे कान रंगवलेले. नाव नाही, कान. हे काम घड्याळजींचं. बारीक कुंचला घेऊन ते एक पडलेला कान, एक उभा, एकाचा तुकडा गेलेला, असे हुबेहूब काढायचे. नियम एकच, मागचा डबा धुऊन परत आल्याशिवाय पुढचा मिळणार नाही. गावातले एक वकीलसाहेब एकदा न धुतलेला डबा घेऊन आले आणि पाऊण तास युक्तिवाद करत उभे राहिले. वहिनींनी तो सगळा ऐकून घेतला आणि त्यांच्या हातात काथ्याची घासणी ठेवली. मागच्या नळावर वकीलसाहेब डबा घासत होते, आणि त्यांचं कुत्रं शेजारी बसून, एकदाचा याला कुणीतरी भेटला, अशा चेहऱ्यानं बघत होतं.

आठवड्याभरात या सगळ्या कारखान्याचा कचरा किती निघायचा? मुरांब्याची एक बरणी. तीही खिडकीत ठेवलेली, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावी म्हणून. त्यात दोन रबर, एक तुटलेलं बटण, मासळीच्या टोपलीचा प्लास्टिकचा दोरा, असलं काहीबाही. मुख्याध्यापिकाबाई जिना उतरताना थांबून बरणीला गुण द्यायच्या. “या आठवड्यात साठ. घसरलीस.”

पण सगळ्यांत मोठी शिल्लक होती ती बेकरीची. गल्लीच्या टोकाला लाकडावर चालणारी जुनी भट्टी. पाववाल्याची शेवटची खेप सकाळी दहाला निघायची आणि त्यानंतर त्या विटांमधली धग दुपार टळेपर्यंत तशीच राहायची, फुकट, कुणाच्याही उपयोगाची नाही. वहिनींना जेव्हा हे कळलं तेव्हा त्यांची झोपच उडाली म्हणतात. दुसऱ्याच दिवशी त्या पाववाल्याकडे जाऊन म्हणाल्या, “भाऊ, तुमची उष्णता वाया चाललीय.” पाववाल्याला आधी वाटलं, ही वैद्यकी चाललीय. समजल्यावर हसला आणि म्हणाला, न्या. तेव्हापासून रोज साडेदहाला वहिनींचे सोळा ट्रे त्या भट्टीत जायचे आणि साडेतीनला खणखणीत सुकून बाहेर यायचे. एक काडी जास्त जाळायला लागायची नाही. पुढल्या पहाटे भट्टी पुन्हा पेटली की आधीचं सगळं जळून साफ.

आता पायरीवरच्या वाटीचं. ते घरातल्या दोघांनाच माहीत होतं, तिसऱ्याला नाही.

धंदा सुरू व्हायच्या जरा आधी वहिनींना तीन आठवडे ताप आला होता. ताप गेला, जाताना नाक घेऊन गेला. म्हणजे नाक जागेवर होतं, चांगलं धारदार होतं, पण त्याला वास येईना. गुलाब येईना, रॉकेल येईना, जळलेलं दूध येईना. डॉक्टर म्हणाले, कधी कधी परत येतो. नऊ वर्षं झाली, आला नाही. पूर्वी मासळीबाजाराच्या कोपऱ्यावरूनसुद्धा पदर नाकाला लावून जाणारी ही बाई, सकाळी उठून बारा किलो माशांची डोकी शिजवायला बसली, ती त्याचमुळे. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. पण हे सांगायचं कुणाला? ज्या बाईला आंबलेलं आणि ताजं यातला फरक नाकानं कळत नाही, तिच्या हातचं कोण आपल्या लाडक्याला घालेल? कुत्री तक्रार करणार नाहीत, मालक करतील. म्हणून मग ठरलं. रोज ट्रे थापायच्या आधी घड्याळजींनी बघायचं आणि सांगायचं. नऊ वर्षांत त्यांनी दोनदाच नको म्हटलं होतं आणि दोन्ही वेळा वहिनींनी अख्खं पातेलं बागेत पुरलं.

सगळं असं बयाजवार चाललं असताना, मुख्याध्यापिकाबाईंनी बेकरीत जाऊन पाव परत केला.

“याला मासळीचा वास येतोय,” त्या म्हणाल्या.

दुकानात तेव्हा पाच गिऱ्हाईकं होती. बाईंचा आवाज असा, की चाळीस वर्षं त्यांनी ध्वनिक्षेपकाशिवाय प्रार्थना घेतलेली. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला वास यायला लागला. दुसऱ्या दिवशी पाववाल्याचे तीस पाव उरले, तिसऱ्या दिवशी पन्नास. बाईंनी आणखी दोनदा पाव परत केला. पाववाला वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या घरात सात तोंडं होती आणि ती सगळी पावावर होती. तो वहिनींकडे आला, पडद्यापाशी उभा राहिला, टोपी हातात घेऊन फिरवत राहिला आणि म्हणाला, वहिनी, मला वास येत नाही, पण मी पिठात वाढलो, माझ्या नाकात पीठच असतं. तुम्हाला येणार नाही, तुमचं नाक मासळीत मुरलेलं. गिऱ्हाइकाला येतोय म्हणजे येतोय. शनिवारी सकाळी बाई पाव न्यायला येतात, तेव्हा सगळ्यांसमोर एकदा काय ते ठरवू. खरंच वास असला, तर सोमवारपासून तुमचे ट्रे बंद.

वहिनी बरं म्हणाल्या. तो गेल्यावर त्या स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. घड्याळजींनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. हिशेब सोपा होता. भट्टी गेली तर सोळा ट्रे सुकवायला स्वतःचा ओव्हन आणि दिवसाला पाच तास जळण. उरल्यासुरल्यावर चालणारा धंदा जाळून चालवायचा, हे त्या बाईनं केलं नसतं. तिनं धंदाच बंद केला असता. साठ डबे, साठ जोड कान.

“अहो,” आतून आवाज आला, “खरं सांगा. पावाला वास येतो?”

“नाही,” घड्याळजी म्हणाले.

“माझ्याकडे बघून सांगा.”

ते पडदा सारून आत गेले आणि बघून म्हणाले, “नाही येत.”

वहिनींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. इथेच गोची होती. बत्तीस वर्षांत हा माणूस कुणाला वाईट वाटेल असं बोललेला त्यांनी ऐकला नव्हता. भाजी करपली तर म्हणायचा, खमंग झालीय. आता हा खरं बोलतोय की आपलं मन राखतोय, हे ओळखायला त्यांच्याकडे दुसरं साधन नव्हतं. साधन तोच होता.

आणि घड्याळजी खरं बोलत होते, पण पूर्ण नाही. पावाला वास येत नव्हता. वास येत होता तो मुख्याध्यापिकाबाईंच्या पिशवीला.

हे त्यांना तीन महिन्यांपासून माहीत होतं. बाई जिन्यावरून उतरून त्यांच्या खिडकीपाशी थांबायच्या, बरणीला गुण द्यायच्या, आणि दंडाला अडकवलेली ती हिरव्या पट्ट्यांची पिशवी बरोबर घड्याळजींच्या नाकासमोर यायची. गोम अशी, की ती पिशवी वहिनींचीच. इस्पितळाच्या त्या सत्तावीस पडद्यांच्या पिशव्या शिवून वहिनींनी अख्ख्या गल्लीला वाटल्या होत्या आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन जाणाऱ्याला भर रस्त्यात अडवायला सुरुवात केली होती. मासळीवालीलासुद्धा त्यांनी प्लास्टिक सोडायला लावलं, ती आता मासळी कागदात गुंडाळून द्यायची. प्रत्येक घराला दोन पिशव्या होत्या, एक ओल्याची, एक सुक्याची. बाईंनी दुसरी परत केली. “एका माणसाला एक पुरे. उधळपट्टी नको,” म्हणाल्या, आणि वहिनींनी ते चार जणींना कौतुकानं सांगितलं. तेव्हापासून खाली कागदातली मासळी, वर पाव, आणि पिशवी धुवायची ती रविवारी, कारण बाईंचं धुण्याचं वेळापत्रक नोकरीच्या पहिल्या वर्षी ठरलं होतं आणि ते काही बदलायचं नव्हतं.

मग घड्याळजी बोलले का नाहीत? बोलायला तोंड उघडायला लागतं. बाईंनी त्यांना चौथीत शिकवलं होतं. त्याला बावन्न वर्षं झाली, पण बाई खिडकीत आल्या की ते अजून भिंग काढून उभे राहायचे. एकदा चौथीत त्यांनी फळ्यावरच्या बेरजेतली चूक दाखवायला हात वर केला होता. बाई म्हणाल्या, बस खाली, आणि मग पंधरा मिनिटांनी तीच चूक स्वतः शोधून दुरुस्त केली. त्या दिवसापासून घड्याळजींनी हात वर करणं सोडलं ते सोडलंच. त्यांना पुढे माणसांपेक्षा घड्याळं बरी वाटायला लागली त्याचं मूळही तिथेच असावं, पण ते जाऊ दे.

बायकोला सांगावं, तर ती तडक जिना चढून जाणार आणि “आमचे हे म्हणतात” अशी सुरुवात करणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तेव्हा मूग गिळून बसावं, शनिवारपर्यंत काहीतरी होईल, बाई स्वतःच ओळखतील, अशा आशेवर त्यांनी चार दिवस काढले. त्या चार दिवसांत त्यांनी एका घड्याळात तासकाटा मिनिटाच्या जागी बसवला. हे त्यांच्या हातून उभ्या आयुष्यात झालं नव्हतं.

शनिवार उजाडला. बेकरीत दहाला बारा-पंधरा माणसं जमली, त्यातली चार पाव घ्यायला आली होती. न्हावी दुकान बंद करून आला, अर्धी दाढी केलेल्या गिऱ्हाइकासकट. मासळीवाली रिकामी टोपली काखेत घेऊन दाराला टेकली होती. फळीवर नुकतेच काढलेले पाव, गरम वाफ, भिंतीला लाकडाच्या मोळ्या, जमिनीवर पिठाचा पांढरा थर आणि त्यात सगळ्यांच्या चपलांचे ठसे. बाई आल्या, बाजारातून थेट, पिशवी दंडाला. त्यांनी फळीवरचा एक पाव घेतला, पिशवीसकट हात नाकापाशी नेला आणि हुंगून म्हणाल्या, “येतोय.”

पाववाल्यानं तोच पाव न्हाव्याला दिला. न्हावी म्हणाला, मला साबणाचा येतोय. गिऱ्हाइकानं हुंगला, तो म्हणाला, जरा येतोय बहुतेक, आणि मग म्हणाला, नाही. किराणावाल्याच्या बायकोला आधी नव्हता, बाईंकडे पाहिल्यावर आला. असं वीस मिनिटं चाललं. पाव हातोहात फिरून थंड झाला आणि निकाल लागेना.

शेवटी पाववाल्याला काय वाटलं कोण जाणे. तो पाव घेऊन वहिनींसमोर आला. एवढी वर्षं या बाईनं माझ्या भट्टीत तिचे ट्रे लावले, तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, एकदा एक बिस्कीट करपून आत पडलं तर तेही येऊन सांगितलं. तिच्याइतकं खरं बोलणारं माणूस इथे नाही. आणि मग वहिनींना म्हणाला, “तुम्हीच हुंगा, वहिनी. तुम्ही नाही म्हणालात तर नाही. मी पुन्हा विचारणार नाही.”

म्हणजे एक शब्द बोलला की सुटका होती. नाही म्हणायचं आणि सोमवारी ट्रे लावायचे. घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं. वहिनींनी पाव नाकाशी नेला. ऊब लागली असणार, तेवढं कळत होतं. त्यांनी पाव खाली घेतला, फळीवर नीट ठेवला आणि पदराला हात पुसले.

“भाऊ, मला वासच कळत नाही,” त्या म्हणाल्या. “कशाचाच. नऊ वर्षं झाली. तापात गेला तो आला नाही. मी हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही.”

भट्टीत एक लाकूड तडकलं ते सगळ्यांनी ऐकलं. मग कुजबूज सुरू झाली आणि न्हावी, ज्याचं कुत्रं या हातांवर पोसलं होतं, तो स्वतःशीच बोलल्यासारखा पण सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, “मग आमच्या जनावरांचं खाणं ताजं आहे की शिळं, हे कोण बघतं?”

वहिनींचं तोंड उतरलं. त्या खाली पिठातल्या ठशांकडे बघत राहिल्या. आणि त्या बघत असताना त्यांच्या शेजारी एक हात वर झाला.

घड्याळजींचा उजवा हात. कोपरातून सरळ, बोटं जुळवलेली, चौथीत करायचा तसा.

“काय रे?” बाई म्हणाल्या. सवयीनंच.

“बाई, खाणं मी बघतो,” घड्याळजी म्हणाले. हात अजून वरच होता. “रोज. आणि बाई... वास तुमच्या पिशवीला येतो.”

पाचावर धारण बसणं म्हणजे काय हे पाहायचं असेल, तर त्या क्षणी न्हाव्याचं तोंड पाहायला हवं होतं. बाईंनी घड्याळजींकडे पाहिलं. मग दंडावरची पिशवी काढली, फळीवर ठेवली, आतला मासळीचा पुडा बाहेर काढला, कागद खालून भिजलेला होता. पिशवी उचलली. तिच्यात नाक घातलं. बाहेर काढलं. पुन्हा घातलं. बाई कुठलंही उत्तर दोनदा तपासल्याशिवाय लाल शाई लावत नसत.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“तीन महिने, बाई.”

“मग तेव्हाच हात का नाही वर केलास?”

उत्तर होतं, बावन्न वर्षांपूर्वीचं, पण ते घड्याळजींनी गिळलं. बाईंनी चष्मा पुसला आणि साऱ्या बेकरीला उद्देशून, प्रार्थनेच्याच आवाजात, जाहीर केलं, की चूक त्यांची आहे, पाव उत्तम आहे, आणि त्या तीन पाव घेणार आहेत. एकट्या बाईला तीन पाव कशाला, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. बाईंनी घेतले म्हटल्यावर किराणावाल्याच्या बायकोनं चार घेतले. अकरा वाजेपर्यंत फळी रिकामी झाली आणि पाववाल्यानं वहिनींचे ट्रे, उशीर झाला होता तरी, स्वतःच्या हातानं आत सरकवले.

राहिला न्हाव्याचा प्रश्न. त्याला मासळीवालीनं तिथल्या तिथे उत्तर दिलं. ही बाई माझ्याकडे नऊ वर्षं येतेय, ती म्हणाली, कल्ले उघडून बघते, डोळा बघते, अंगठ्यानं दाबून बघते. शिळं डोकं आजवर एक खपवता आलं नाही मला हिच्यापाशी, आणि मी प्रयत्न केलाय. नाकवाल्यांना मी रोज फसवते. एवढ्या स्पष्ट कबुलीनंतर तिच्या दोन गिऱ्हाइकांनी मासळी दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली, पण वहिनींचा एकही डबा कायमचा परत आला नाही. वकीलसाहेबांनी आठवडाभर विचार केला आणि मग डबा पाठवला, घासून, पुसून, वर सुगंधी कागद गुंडाळून. वहिनींनी कागद घडी करून ठेवला, कशाला तरी होईल म्हणून.

बाईंनी दुसरी पिशवी मागून घेतली. मागताना म्हणाल्या, “उधारीवर.”

आणि बोलवा? तिनं कूस बदलली. आता सगळ्यांना कळलं होतं, की घड्याळजी रोज पायरीवर बसून काय करत होते आणि का. गल्लीतल्या बायकांना तर हातात कोलीतच मिळालं. किराणावाल्याची बायको, जिनं शिक्षेची गोष्ट उठवली होती, तीच आता नवऱ्याला ऐकवायची, की बघा, ह्याला म्हणतात साथ. बायकोचं नाक गेलं तर स्वतःची जीभ दिली त्यानं. नऊ वर्षं, रोज सकाळी, माशांची डोकी आणि भोपळा, मिठाचा कण नाही, तोंड वाकडं न करता. तुम्हाला भाजीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेता. न्हाव्याच्या दुकानात पुरुषमंडळी वैतागून म्हणायची, या घड्याळजीनं आपली पंचाईत करून ठेवली. नव्यानं लग्न झालेल्या एका जोडप्याला तर थोरामोठ्यांनी त्यांच्या पाया पडायला पाठवलं. घड्याळजी भिंग काढून उभे राहिले, कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले, आणि जोडपं वळताच पुन्हा भिंग लावून बसले.

खरी गोष्ट अशी, की वहिनींनी त्यांना फक्त वास घ्यायला सांगितलं होतं. खायला कुणीच सांगितलं नव्हतं. घड्याळजींना ते आवडायचं.